साक्षीदार, संपादक आणि संशोधक : लष्करी इतिहास, विमानोड्डाण व शोधमोहिमांवरील ग्रंथांची निवड

प्रस्तावना

इतिहासाचा विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन जी पुस्तके स्वेच्छेने वाचतो, त्यांत युद्धकथा, वैमानिकांच्या आठवणी आणि दुर्गम प्रदेशांतील प्रवासवर्णने यांचे प्रमाण मोठे असते. प्राध्यापकवर्गाची या वाङ्मयाकडे पाहण्याची दृष्टी मात्र संमिश्र आहे. ही पुस्तके वाचनाची गोडी लावतात म्हणून ती आवर्जून सुचविली जातात. त्याच वेळी ती केवळ साहसवाङ्मय आहेत, त्यांना इतिहासलेखनाचा दर्जा नाही, अशी शंकाही व्यक्त होते. परिणामी विद्यार्थ्याच्या हाती एखादे लोकप्रिय पुस्तक पडते, तो ते भारावून वाचतो आणि त्यातील प्रत्येक विधान घडलेली वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतो.

युद्ध, उड्डाण आणि शोधमोहीम या तीन विषयांवरील लेखनात एक समान अडचण आहे. घटना सामान्य माणसाच्या दृष्टीआड घडते. तिचे साक्षीदार थोडे असतात, त्यांतील काही परत येत नाहीत आणि जे परततात त्यांच्या कथनाची पडताळणी करणे समकालीनांना सहसा शक्य नसते. शिवाय समाजाला त्या कथनातून वीरपुरुष हवा असतो. अशा परिस्थितीत साक्षीदाराने लिहिलेले, संपादकाने छापण्यायोग्य केलेले आणि पुढे संशोधकाने तपासलेले असे एकाच घटनेचे तीन पाठ तयार होतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या क्षेत्रांतील ग्रंथांची शिफारस एकेकट्या पुस्तकाची न करता साक्षीदाराचा ग्रंथ आणि त्याची तपासणी करणारा ग्रंथ अशा जोडीने करावी. या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ दक्षिण ध्रुवाची मोहीम, अटलांटिकपार उड्डाण व टपाल-वैमानिकांचे जीवन, ब्रह्मदेशातील युद्ध आणि मराठीतील १८५७ व पानिपतविषयक लेखन अशी उदाहरणे येथे विचारात घेतली आहेत.

शोधमोहीम : दक्षिण ध्रुवाचे तीन पाठ

नॉर्वेचे रोआल्ड अमुंडसेन व त्यांचे चार सहकारी १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. ब्रिटिश नौदलातील कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांची पाच जणांची तुकडी तेथे १७ जानेवारी १९१२ रोजी पोहोचली. परतीच्या वाटेवर एडगर इव्हान्स व लॉरेन्स ओट्स यांचा मृत्यू झाला. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स हे तिघे ‘वन टन डेपो’ या शिधासाठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर तंबूत अडकून मरण पावले. स्कॉट यांच्या रोजनिशीतील अखेरची नोंद २९ मार्च १९१२ ची आहे. शोधपथकाला हा तंबू त्याच वर्षी १२ नोव्हेंबर रोजी सापडला.

ही रोजनिशी ‘स्कॉट्स लास्ट एक्सपिडिशन’ या नावाने १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने एका पिढीच्या मनात स्कॉट यांची प्रतिमा निश्चित केली. मात्र छापील मजकूर मूळ हस्तलिखिताशी सर्वस्वी जुळत नव्हता. सहकाऱ्यांविषयीचे काही कठोर उल्लेख प्रकाशनापूर्वी गाळले अथवा सौम्य केले गेले होते. मॅक्स जोन्स यांनी २००५ मध्ये संपादित केलेल्या आवृत्तीत हे फेरफार नोंदवून दाखविले आहेत. म्हणून या रोजनिशीची शिफारस करावयाची असल्यास ती या आवृत्तीची करावी. मृत्यूच्या छायेत लिहिलेला मजकूर वाचताना त्यात कोणी, कोठे, काय बदलले हे समजणे, हाच साधनचिकित्सेचा पहिला धडा ठरू शकतो.

याच मोहिमेतील तरुण सदस्य ॲप्सली चेरी-गॅरार्ड यांचा ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ (१९२२) हा ग्रंथ शोधमोहिमांवरील वाङ्मयात अग्रस्थानी ठेवावा लागेल. मोहिमेच्या समितीसाठी वृत्तान्त म्हणून सुरू झालेले हे काम मतभेदांमुळे स्वतंत्र ग्रंथ बनले. शीर्षकात उल्लेखिलेला प्रवास ध्रुवाचा नाही. १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात, अखंड काळोखात, उणे ७० अंश फॅरनहाइटच्याही खाली गेलेल्या तापमानात विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले, तो हा प्रवास. पक्ष्यांची सरपटणाऱ्या प्राण्यांपासून झालेली उत्क्रांती पेंग्विनच्या भ्रूणात दिसेल अशी त्या काळातील कल्पना होती. तीन अंडी लंडनच्या संग्रहालयापर्यंत पोहोचली. परंतु त्यांवरील १९३४ च्या अहवालातून मूळ कल्पनेला काहीच आधार मिळाला नाही. एवढ्या यातनांचे फलित इतके अल्प, ही बाब शोधविज्ञानाच्या कोणत्याही अध्यापकाने वर्गात चर्चेस घ्यावी अशी आहे.

या ग्रंथाचे खरे वजन मात्र दुसऱ्या एका प्रसंगात आहे. मार्च १९१२ च्या पहिल्या आठवड्यात चेरी-गॅरार्ड कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन वन टन डेपोवर पोहोचले, काही दिवस थांबले आणि १० मार्चला परत फिरले. त्या वेळी स्कॉट यांची तुकडी ७० मैलांहून कमी अंतरावर होती. त्यांना मिळालेले आदेश, कुत्र्यांच्या खाद्याचा अभाव, सोबत्याचे आजारपण आणि प्रतिकूल हवामान यांचा विचार करता परत फिरण्याचा निर्णय समर्थनीय होता. तरीही लेखक स्वतःस त्यातून मुक्त करीत नाही. आपण पुढे गेलो असतो तर, हा प्रश्न त्याने वाचकासमोर उघडा ठेवला आहे. डेपो मूळ नियोजनाप्रमाणे ८० अंश दक्षिण अक्षांशावर असता तर परतणाऱ्यांना तो वाटेतच लागला असता. फेब्रुवारी १९११ मध्ये थकलेल्या तट्टांमुळे तो त्याच्या उत्तरेस सुमारे ३० मैल अलीकडे करावा लागला होता. एका मृत्यूमागे अशा किती लहान निर्णयांची साखळी असते, हे हा ग्रंथ कोणतेही तत्त्वज्ञान न सांगता दाखवितो.

या साक्षीची तपासणी करणारे दोन ग्रंथ परस्परविरोधी आहेत आणि म्हणूनच ते एकत्र वाचावेत. रोलंड हंटफोर्ड यांच्या ‘स्कॉट अँड अमुंडसेन’ (१९७९) या ग्रंथाने कुत्र्यांचा व स्कीचा कुशल वापर, शिधासाठ्यांची भरपूर तजवीज आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दूरवर रोवलेली निशाणे या अमुंडसेन यांच्या पूर्वतयारीच्या तुलनेत स्कॉट यांच्या नेतृत्वातील उणिवा कठोरपणे मांडल्या. या कठोरपणावर पुढे आक्षेप घेतले गेले. स्वतः ध्रुवप्रवासी असलेल्या रॅनल्फ फाइन्स यांनी २००३ मध्ये स्कॉट यांच्या बाजूने चरित्र लिहिले. या वादात वेगळ्या जातीचा पुरावा आणला तो वातावरणशास्त्रज्ञ सुसान सॉलोमन यांच्या ‘द कोल्डेस्ट मार्च’ (२००१) या ग्रंथाने. ओझोनच्या थरावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेल्या या लेखिकेने अंटार्क्टिकावरील स्वयंचलित हवामानकेंद्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदींशी १९१२ मधील नोंदी ताडून पाहिल्या. त्या वर्षीच्या मार्चमधील किमान तापमान त्या मार्गावरील नेहमीच्या सरासरीपेक्षा सुमारे १० ते २० अंश फॅरनहाइटने खाली होते, असे तिला आढळले. म्हणजे हवामान प्रतिकूल होते हे स्कॉट यांचे म्हणणे निव्वळ सबब नव्हते. परंतु याच लेखिकेने अखेरचे वादळ रोजनिशीत म्हटल्याप्रमाणे इतके दिवस सलग चालले असेल का, याबद्दल शंकाही उपस्थित केली. साक्षीदाराच्या एका विधानाला पुष्टी देणारे आणि दुसऱ्याला आव्हान देणारे असे हे संशोधन बहुविद्याशाखीय पद्धतीचा उत्तम नमुना होय.

या मोहिमेचा एक धागा विदर्भातील वाचकास अनपेक्षितपणे जवळचा वाटेल. मृत तुकडीच्या घसरगाडीवर सुमारे ३५ पौंड वजनाचे खडक सापडले. जीव वाचविण्यासाठीही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्यांत ‘ग्लॉसोप्टेरिस’ या लुप्त वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म होते. याच वनस्पतीचे जीवाश्म नागपूरजवळील कामठीच्या खडकांत व वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यात आढळतात. दक्षिणेकडील भूखंड एकेकाळी एकत्र होते या सिद्धान्ताच्या पुराव्यांत या जीवाश्मांची गणना होते आणि त्या प्राचीन महाखंडाला ‘गोंडवन’ हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरूनच मिळाले आहे. भूगोल व भूविज्ञानाच्या अध्यापकाने हा ग्रंथ इतिहासाच्या कपाटात ठेवून विसरू नये, याचे हे पुरेसे कारण आहे.

विमानोड्डाण : एकाच वैमानिकाची दोन पुस्तके

चार्ल्स लिंडबर्ग यांनी २० व २१ मे १९२७ रोजी न्यूयॉर्क ते पॅरिस हे सुमारे ३,६०० मैलांचे अंतर एकट्याने, न थांबता, साडेतेहतीस तासांत पार केले. विमानात रेडिओ नव्हता, हवाई छत्री नव्हती. पुढील बाजूस मोठी इंधनटाकी असल्याने समोरचे थेट दिसत नव्हते. या उड्डाणावर त्यांची दोन पुस्तके आहेत आणि त्यांची तुलना अत्यंत उद्बोधक आहे.

पहिले पुस्तक ‘वुई’ हे उड्डाणानंतर दोनच महिन्यांत, जुलै १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या लेखकाने त्यांच्या वतीने केलेला मसुदा पसंत न पडल्याने लिंडबर्ग यांनी सुमारे तीन आठवड्यांत ते स्वतः लिहून काढले. ते कोरडे, त्रोटक आणि सावध आहे. दुसरे पुस्तक ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हे १९५३ मध्ये, दीर्घकालीन लेखनानंतर प्रकाशित झाले व त्यास १९५४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात प्रत्येक तासाचा हिशेब आहे. झोपेशी चाललेला झगडा, पंखांवर साचणारे बर्फ आणि प्रदीर्घ जागरणामुळे विमानात कोणी अदृश्य सोबती बोलत असल्याचा भास हे सारे तेथे येते. या भासाचा उल्लेख १९२७ च्या पुस्तकात नाही. ज्या वैमानिकाकडे अवघे जग यांत्रिक अचूकतेचे प्रतीक म्हणून पाहत होते, त्याला त्या वेळी असे काही लिहिणे कितपत शक्य होते, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. घटनेच्या निकटचे कथन अधिक विश्वसनीय असते हा साधनचिकित्सेतील सामान्य नियम या ठिकाणी अपुरा पडतो. निकटच्या कथनाने गाळलेली गोष्ट पंचवीस वर्षांनंतरच्या कथनात आली आहे. मात्र त्या दीर्घ काळात स्मृतीने रचलेले काय आणि मुळातले काय, हेही तपासावे लागते.

दोन्ही पुस्तके जे सांगत नाहीत त्यासाठी ए. स्कॉट बर्ग यांचे ‘लिंडबर्ग’ (१९९८) हे चरित्र आवश्यक ठरते. लिंडबर्ग यांनी १९३८ मध्ये नाझी जर्मनीचे पदक स्वीकारले. अमेरिकेने युद्धात उतरू नये यासाठी त्यांनी प्रचार केला आणि सप्टेंबर १९४१ मध्ये डे मॉइन येथील भाषणात ज्यूंवर युद्धप्रवृत्तीचा आरोप केला. उड्डाणाच्या तेजाने दिपलेल्या वाचकास या गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे. चरित्रकारास लिंडबर्ग कुटुंबाची कागदपत्रे उपलब्ध झाली होती. तरीही लिंडबर्ग यांचे जर्मनीत आणखी एक गुप्त कुटुंब होते ही बाब पुढे २००३ मध्ये, जनुकीय चाचणीनंतर सिद्ध झाली. अधिकृत कागदपत्रांवर आधारलेला ग्रंथही अंतिम नसतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

फ्रेंच लेखक-वैमानिक आंत्वान द सँतेक्झुपेरी यांचा १९३९ चा ग्रंथ इंग्रजीत ‘विंड, सँड अँड स्टार्स’ या नावाने परिचित आहे. सहारा व दक्षिण अमेरिकेतील टपालमार्गांवर उड्डाण करणाऱ्या वैमानिकांचे जीवन त्यात आहे. १९३० मध्ये अँडीज पर्वतात विमान कोसळल्यावर बर्फातून पाच दिवस चालत आलेले त्यांचे सहकारी आंरी गियोमे यांचे प्रकरण विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. १९३५ च्या डिसेंबरअखेर स्वतः सँतेक्झुपेरी आणि त्यांचे यंत्रज्ञ आंद्रे प्रेव्हो हे लिबियाच्या वाळवंटात कोसळले व पाण्यावाचून भटकत असता एका बदाउनीने त्यांना वाचविले. हा प्रसंग ग्रंथात मानवी बंधुत्वाच्या चिंतनापर्यंत पोहोचतो. स्टेसी शिफ यांचे चरित्र (१९९४) त्याच प्रसंगाची दुसरी बाजू दाखविते : पॅरिस ते सायगाव विक्रमासाठी जाहीर झालेले रोख पारितोषिक, लेखकाची आर्थिक ओढाताण आणि अपुरी तयारी. दोन्ही वाचल्याने मूळ ग्रंथाचे मोल उणावत नाही. चिंतन कोणत्या परिस्थितीतून उगवले, हे तेवढे स्पष्ट होते.

टपालवाहतुकीचा हाच कालखंड मुंबईच्याही इतिहासाचा भाग आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. आर. एम. लाला यांचे ‘बियाँड द लास्ट ब्लू माउंटन’ (१९९२) हे चरित्र या विषयाचा सुगम परिचय करून देते. चरित्रनायकाशी झालेल्या संवादांचा लाभ लेखकास मिळाला आहे. लेखक टाटांच्या एका प्रमुख विश्वस्त निधीचे संचालक होते, ही बाबही वाचकाने ध्यानात ठेवावी. निकटता हे अशा चरित्राचे बळ असते आणि मर्यादाही.

लष्करी इतिहास : सेनापतीचा पट आणि टेकडीवरील सैनिक

लष्करी इतिहासाच्या अध्ययनाचा प्रारंभ जॉन कीगन यांच्या ‘द फेस ऑफ बॅटल’ (१९७६) या ग्रंथाने करावा. सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीत अध्यापन करणाऱ्या कीगन यांनी आपण स्वतः कधीही लढाईत नव्हतो ही कबुली आरंभीच दिली आहे. अझँकूर (१४१५), वॉटर्लू (१८१५) आणि सोम (१९१६) या तीन लढायांत सामान्य सैनिकास काय दिसले, काय ऐकू आले, तो जागेवर का टिकला वा का पळाला, हे प्रश्न त्यांनी विचारले. नकाशावरील बाणांच्या भाषेत लिहिल्या जाणाऱ्या युद्धेतिहासाला या प्रश्नांनी वेगळे वळण दिले.

या प्रश्नांची कसोटी लावण्यासाठी फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांचा ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ (१९५६) हा ग्रंथ सर्वांत योग्य होय. १९४२ मधील ब्रह्मदेशातून झालेली दीर्घ माघार, चौदाव्या सैन्याची उभारणी, १९४४ मधील इंफाळ-कोहिमाचा संग्राम आणि मे १९४५ मधील रंगूनचा ताबा हा या ग्रंथाचा विषय. या सैन्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते. स्लिम हे तरुणपणी टोपणनावाने नियतकालिकांत कथा लिहीत असत; त्यांच्या गद्याची प्रसन्नता त्यातून आली असावी. परंतु ग्रंथाची थोरवी शैलीत नाही, प्रांजळपणात आहे. पराभवाच्या प्रकरणांत लेखक दोष हाताखालच्यांवर ढकलत नाही. कोहिमावर चालून येणारे जपानी बळ फार तर एका रेजिमेंटएवढे असेल हा आपला अंदाज चुकला व प्रत्यक्षात संपूर्ण ३१ वी डिव्हिजन तेथे आली, हे त्याने स्पष्टपणे मान्य केले आहे. सेनापतींच्या आत्मकथनांत असे कबुलीजबाब विरळा आढळतात.

तथापि प्रांजळ सेनापतीलाही सर्व काही दिसत नाही. २२ ते २६ मार्च १९४४ या दिवसांत मणिपूरमधील सांगशाक या गावी ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने कोहिमाकडे निघालेल्या ३१ व्या जपानी डिव्हिजनच्या ५८ व्या रेजिमेंटला रोखून धरले. पाण्याची टंचाई, तारांच्या कुंपणाचा अभाव आणि कठीण खडकामुळे उथळ राहिलेले खंदक अशा स्थितीत ही लढाई झाली. या ब्रिगेडसोबत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. स्लिम यांच्या विस्तीर्ण पटात सांगशाकच्या वाट्याला थोडीच जागा आली आहे. ब्रिगेडमधील एक अधिकारी हॅरी सीमन यांनी १९८९ मध्ये ‘द बॅटल ॲट सांगशाक’ हे पुस्तक लिहिले. या झुंजीने शत्रूला घडविलेला विलंब कोहिमाच्या बचावास मोलाचा ठरला आणि तरीही ब्रिगेडच्या वाट्याला श्रेयाऐवजी उपेक्षा आली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जपानी नियोजन उघड करणारा एक नकाशा तेथे हाती आला होता. परंतु त्याचा वरिष्ठ पातळीवर वेळीच उपयोग झाला नाही, असेही ते नोंदवितात. सीमन स्वतः त्या लढाईतील असल्याने त्यांचे लेखनही एका पक्षाची साक्ष आहे. म्हणून या जोडीला लुई ॲलन यांचा ‘बर्मा : द लाँगेस्ट वॉर’ (१९८४) हा तिसरा ग्रंथ जोडावा. युद्धकाळात जपानी भाषेचे जाणकार गुप्तवार्ता अधिकारी असलेल्या ॲलन यांनी जपानी साधनांचा भरपूर उपयोग केल्याने समोरच्या बाजूचे चित्र त्यात मिळते.

मराठी दालन

साक्षीदार, संपादक आणि संशोधक यांचा हा संबंध मराठी वाचकास सर्वस्वी नवा नाही. पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी पुढे १८८३ च्या सुमारास आपली हकीकत लिहिली आणि वैद्य यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. तत्कालीन राजकीय परिस्थितीत संपादकाने मजकुरात व भाषेत फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ पाठ प्रकाशित केल्यावर हे फेरफार अभ्यासकांसमोर आले. स्कॉट यांच्या रोजनिशीच्या बाबतीत २००५ मध्ये जे घडले, ते मराठीत चार दशके आधी घडले होते. म्हणून या ग्रंथाची शिफारस करताना पोतदारांच्या आवृत्तीचा निर्देश आवर्जून करावा. गोडसे हे सैनिक नव्हते. भूक, लूट, कत्तल आणि पळापळ यांचे त्यांचे वर्णन एका भिक्षुकाच्या दृष्टीतून आलेले आहे आणि कीगन यांनी अपेक्षिलेला खालून दिसणारा युद्धेतिहास त्यात सापडतो.

तपासणी करणाऱ्या इतिहासकाराचा आदर्श त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या पानिपतविषयक लेखनात दिसतो. त्यांचा ‘पानिपत १७६१’ हा ग्रंथ इंग्रजीत १९४६ मध्ये व मराठीत १९६१ मध्ये आला. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाविषयी बखरींनी रंगविलेले चित्र मराठी मनात खोल रुजलेले होते. शेजवलकरांनी ते अस्सल कागदपत्रे, फार्सी साधने आणि रणभूमीचा भूगोल यांच्या आधारे पारखून घेतले. ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि शेजवलकरांचा ग्रंथ ही जोडी पदवी वर्गासाठी साधनचिकित्सेचा संपूर्ण पाठ ठरावी. बखरीचे वाङ्मयीन सामर्थ्य आणि तिच्यातील ऐतिहासिक तथ्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यास या जोडीतून आपोआप उमगते.

या दालनातील एक पोकळी मात्र जाणवते. सांगशाकच्या टेकडीवर लढलेल्या मराठा पलटणीची कहाणी ज्या ग्रंथांतून येथे आली, ते सर्व इंग्रजीत, ब्रिटिश लेखकांनी लिहिलेले आहेत. इटलीत टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी पराक्रम गाजविलेले शिपाई नामदेव जाधव या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांचे शौर्य आपणास प्रथम कळते तेही सरकारी प्रशस्तिपत्रातून. अधिकाऱ्याने लिहिलेल्या त्या मोजक्या ओळींत सैनिकाने काय केले हे आहे. त्याला काय वाटले, तो सैन्यात का गेला, घरी काय लिहीत होता, हे त्यात नाही. श्रीनाथ राघवन यांचा ‘इंडियाज वॉर’ (२०१६) व यास्मिन खान यांचा ‘द राज ॲट वॉर’ (२०१५) या ग्रंथांनी भारतीय समाज आणि दुसरे महायुद्ध यांच्या संबंधांचे दालन उघडले आहे. मराठी सैनिकाच्या स्वतःच्या शब्दांतील साक्ष त्या दालनात आणण्याचे काम स्थानिक अभ्यासकांनीच करावयाचे आहे.

ग्रंथनिवडीची कसोटी

वरील विवेचनावरून ग्रंथाची शिफारस करताना विचारावयाचे तीन प्रश्न सूचित होतात. पहिला, लेखक घटनास्थळी होता काय आणि त्याने घटनेनंतर किती काळाने लिहिले? ‘वुई’ आणि ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ यांतील फरक या प्रश्नाने उलगडतो. दुसरा, छापील पाठ कोणाच्या हातून गेला आहे? स्कॉट यांची रोजनिशी आणि ‘माझा प्रवास’ यांच्या बाबतीत आवृत्तीचा निर्देश न करता केलेली शिफारस अपुरी ठरते. तिसरा, लेखकाने आपली चूक वा आपले अज्ञान वाचकासमोर उघडे ठेवले आहे काय? चेरी-गॅरार्ड, स्लिम आणि कीगन यांचे ग्रंथ या कसोटीस उतरतात. तिसरा प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचा मानावा, कारण साहसवाङ्मयात चुका झाकण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की, ग्रंथालयाने मर्यादित निधीतून दहा सुटी पुस्तके घेण्याऐवजी पाच जोड्या घ्याव्यात. चेरी-गॅरार्ड व सॉलोमन, लिंडबर्ग (१९५३) व बर्ग, स्लिम व सीमन, गोडसे (पोतदार आवृत्ती) व वैद्य आवृत्ती, बखर व शेजवलकर या पाच जोड्यांनी प्रारंभ करता येईल. अध्यापकाने एका विद्यार्थ्यास साक्षीदाराचा आणि दुसऱ्यास संशोधकाचा ग्रंथ देऊन दोघांत चर्चा घडवून आणावी. इंग्रजी ग्रंथ अवघड वाटणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शेवटच्या दोन जोड्या पुरेशा आहेत. पद्धत तीच राहते, केवळ भूमी बदलते.

समारोप

स्कॉट यांची एकच रोजनिशी वाचून वाढलेल्या पिढीने पूर्वतयारीतील उणिवांना दीर्घकाळ उदात्त हौतात्म्य मानले, तर हंटफोर्ड यांचा एकच ग्रंथ वाचणाऱ्याने प्रतिकूल हवामानाला सबब ठरविले. दोन्ही वाचकांना पुस्तके मिळाली होती. तपासणीचे साधन मिळाले नव्हते. अध्यापक जेव्हा एखादे पुस्तक सुचवितो तेव्हा तो विद्यार्थ्याला एका साक्षीदारासमोर नेऊन उभा करीत असतो. त्या साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचे साधनही सोबत देणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

ज्या जिल्ह्यांतून पलटणींत भरती झाली तेथील महाविद्यालयांत त्या सैनिकांचीच नातवंडे-पतवंडे शिकत आहेत. त्यांच्या घरांतील ट्रंकांत पडलेली पत्रे, पगारपुस्तके व सेवानिवृत्तीचे कागद गोळा करून त्यांची सूची करणे हा पदव्युत्तर वर्गासाठी सहज हाती घेता येण्याजोगा प्रकल्प आहे. सांगशाकवरील इंग्रजी ग्रंथांशेजारी ठेवण्यासाठी मराठी साक्षीचे पहिले पान अशाच एखाद्या सूचीतून मिळू शकेल.